उजव्या पायाची साइट डायरी

१२ नोव्हेंबर २०२३

सव्वीस वर्षं बांधकामावर रोजची डायरी लिहिली. किती माणसं आली, किती ओतकाम झालं, कुठे अडलं, उद्या काय. आजपासून तशीच डायरी माझ्या उजव्या पायाची. जानेवारीत शस्त्रक्रिया ठरली आहे. निर्णय घेताना मला जे वाचायला हवं होतं ते फार थोडं मिळालं, तेही तुकड्यातुकड्यांत. म्हणून सगळं लिहून ठेवणार आहे.

आतल्या घोट्यामागे दुखायला लागून तीन वर्षं झाली. पहिल्यांदा जिथे दाखवलं तिथे “मुरगळलाय, पट्टी बांधा” एवढंच सांगितलं. टेबलावर झोपवून तपासलं, उभं करून कुणी पाहिलंच नाही. मी दीड वर्ष पट्टी बांधत राहिले आणि पाय आतून खचत राहिला. मला याचा राग आहे, आणि तो इथे नोंदवून ठेवते. तुळईचा कस भार घातल्यावर कळतो. पायाचा एक्स-रेसुद्धा उभं राहून काढायचा असतो. आडव्या पायात कमान शाबूत दिसते.

आत्ताच्या डॉक्टरांनी आल्या आल्या मला पाठमोरं उभं केलं. माझी मुलगी सोबत होती, तिला म्हणाले, “आईच्या पायांचा मागून फोटो काढ.” तो फोटो पाहून मी गप्पच झाले. डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जेमतेम दिसत होतं. उजव्या पायाची चार बोटं बाहेर आलेली, आणि टाच बाहेरच्या अंगाला कललेली. रोज ज्या पायावर उभी राहते त्याला मागून कधी पाहिलंच नव्हतं.

मग म्हणाले, “भिंतीला बोटं टेकवा आणि एका पायावर टाच उचला.” डावी उचलली. उजवी उचलेना. दुखत होतं म्हणून नव्हे. मी सांगत होते आणि खाली कुणी ऐकतच नव्हतं.

निदान असं. नडगीच्या मागून एक स्नायू निघतो, त्याची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, आतल्या घोट्याला वळसा घालून तळपायाच्या कमानीपर्यंत येते आणि मुख्यतः नॅव्हिक्युलर नावाच्या होडीच्या आकाराच्या हाडाला धरते. पोस्टेरिअर टिबिअल टेंडन. पावलात २६ हाडं आहेत, ती आतल्या बाजूला कमानीसारखी रचलेली आहेत आणि चालताना त्या कमानीला वर ओढून धरणारा मुख्य दोर हाच. घोट्याला वळसा घेते तिथे या कंडरेला रक्तपुरवठा मुळातच कमी असतो. तिथेच ती झिजते, लांबते, आणि कमान बसते. १९८९ मध्ये जॉन्सन आणि स्ट्रॉम या डॉक्टरांनी याचे टप्पे पाडले. माझा दुसरा: पाय खचलेला आहे, पण हाताने धरून सरळ केला तर होतो. तिसऱ्या टप्प्यात तो तसाच आखडून बसतो आणि मग बहुधा सांधेच एकमेकांना कायमचे जोडून टाकावे लागतात. २०२० मध्ये तज्ज्ञांनी या दुखण्याचं नाव बदललं. नव्या नावाचा अर्थ ‘उत्तरोत्तर खचत जाणारा पाय’. नाव ऐकून बरं वाटलं. निदान ते खरं बोलतं.

३ डिसेंबर. आराखडा

डॉक्टरांनी कागदावर पाय काढून कामं समजावली. मी प्रश्न विचारत गेले, ते खोडत आणि पुन्हा काढत गेले. तो कागद या डायरीत चिकटवला आहे.

झिजलेल्या कंडरेच्या जागी शेजारची कंडरा आणायची. शेजारची म्हणजे पायाची चार लहान बोटं वाकवणारी. तीही त्याच घोट्यामागून खाली उतरते. तळव्यात ती तोडायची, नॅव्हिक्युलरला भोक पाडून त्यातून ओवायची, ताणायची आणि स्क्रूने पक्की करायची.

“मग बोटं?”

“थोडी कमी वाकतील. तळव्यात तिचा अंगठ्याच्या कंडरेशी सांधा आहे, त्यामुळे अगदीच लुळी पडत नाहीत.”

“आणि जोर? जुन्या कंडरेइतका?”

“साधारण एक तृतीयांश.”

मी पेन खाली ठेवलं. ज्या भाराखाली पूर्ण ताकदीचा दोर गेला, तिथे तिसऱ्या हिश्शाच्या ताकदीचा बांधायचा? अशी दुरुस्ती माझ्या साइटवर कुणी सुचवली असती तर मी सही केली नसती. तेच मी म्हणाले. डॉक्टरांना राग आला नाही. ते म्हणाले, “अहो, म्हणूनच टाच सरकवायची.”

टाचेचं हाड आरपार कापून मागचा तुकडा १० मिलिमीटर आतल्या बाजूला सरकवायचा आणि दोन स्क्रूंनी बसवायचा. टाचेला पोटरीची जाड कंडरा ओढत असते, शरीरातली सगळ्यात दणकट. टाच बाहेर कलल्यावर तिची ओढही बाहेरून लागायला लागली. म्हणजे तीन वर्षं प्रत्येक पावलाला माझीच पोटरी माझी कमान मोडत होती. टाच आत आली की तीच ओढ आतून लागेल आणि नव्या, अशक्त कंडरेचं ओझं निम्मंशिम्मं पोटरीच उचलेल. टाच सरकवायची कल्पना १८९३ ची आहे, ग्लाइख नावाच्या सर्जनची.

दोर बदलून भागणार नाही, भाराची वाटच बदलायची. हे कळलं तेव्हा माझ्या मनात शस्त्रक्रिया पक्की झाली. त्याआधी मी नुसती मान डोलावत होते.

आणखी दोन कामं आहेत. पायाच्या आतल्या कडेच्या क्युनिफॉर्म हाडाला वरून चीर देऊन त्यात हाडाची पाचर ठोकायची, म्हणजे अंगठ्याची बाजू खाली टेकेल. हे १९३६ मध्ये कॉटन नावाच्या सर्जनने मांडलं आणि त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. आणि आखडलेल्या पोटरीच्या स्नायूचा पडदा कापून त्याला लांबी द्यायची.

सहा आठवडे पाय अजिबात टेकायचा नाही. तीन महिन्यांनी साधे बूट. सूज वर्षभर राहू शकते. “वर्ष धरून चाला,” असं स्पष्ट सांगितलं. स्पष्ट सांगितलं हे फार बरं केलं.

२२ डिसेंबर

तयारी. कुबड्या आणून उंची लावून घेतली: वरची गादी काखेच्या दोन-तीन बोटं खाली, भार तळहातांवर. काखेत लटकून चाललं तर तिथल्या नसा दबतात. जिन्याचा धडा पाठ केला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. मुलगी पायरीवर माझ्या एक पायरी खाली उभी राहून सराव करून घेते. रोज खुर्चीतून एका डाव्या पायावर उठायचं, दहादा. सहा आठवडे सगळा संसार याच पायावर चालणार आहे.

रक्तात ड जीवनसत्त्व कमी निघालं, त्याचा कोर्स सुरू. तंबाखू, सिगारेट काही आहे का, हे तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारलं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, हाड जुळायला उशीर होतो आणि जखमही चिघळू शकते. मला सवय नाही, पण प्रश्न किती गंभीरपणे विचारला जातो ते पाहिलं.

न्हाणीघराच्या दाराशी असलेला चार सेंटीमीटरचा उंबरा. आयुष्यात कधी लक्षात न आलेला. आज मी तो टेपने मोजला.

८ जानेवारी २०२४. दिवस ०

सकाळी डॉक्टरांनी स्वतः येऊन उजव्या नडगीवर जांभळ्या पेनाने बाण काढला. कमरेतून भूल आणि शिवाय गुडघ्यामागे नसेजवळ वेगळं इंजेक्शन. मांडीवर रक्त अडवणारा पट्टा. झोपेचं थोडं औषध होतं, तरी मध्येच जाग आली. दुखत काहीच नव्हतं, पण कुठेतरी लांब करवत चालल्याची थरथर कमरेपर्यंत येत होती. कुणीतरी “दहा झाले?” म्हणालं आणि दुसरं कुणी “दहा” म्हणालं. मिलिमीटर. मला एकदम सुरक्षित वाटलं. मोजून काम करणारी माणसं आहेत.

अडीच तास लागले. पाय गुडघ्याखाली कच्च्या प्लास्टरमध्ये. दवाखान्यात सगळे त्याला स्लॅब म्हणतात.

९ जानेवारी. दिवस १

जो कुणी हे वाचून शस्त्रक्रियेला जाईल त्याने एवढं मात्र लक्षात ठेवावं: गुडघ्यामागच्या इंजेक्शनचा बधिरपणा उतरायच्या आधी दुखण्याच्या गोळ्या सुरू झालेल्या हव्यात. परिचारिकेने काल रात्रीच सांगितलं होतं, “ताई, दुखत नसलं तरी घ्या.” रात्री नऊला घेतली. दोनला जाग आली तेव्हा मला वाटलं दुखत नाहीये तर कशाला, आणि दोनची गोळी घेतली नाही. पहाटे पाचला बधिरपणा उतरला. ते दुखणं वर्णन करता येत नाही; एवढंच लिहिते की मी पलंगाची कड धरून होते आणि हाताची बोटं नंतर सरळ होईनात. गोळी पोटात गेल्यावर तिला वेळ लागतो. तो पाऊण तास फार मोठा होता.

रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटाच्या कातडीत रोज एक सुई. मुलीने शिकून घेतली. पहिली देताना तिचा हात थरथरला, माझा नाही.

१३ जानेवारी. दिवस ५

घरी. दिवसभराचं काम एकच, पाय वर. वर म्हणजे छातीच्या पातळीहून वर, खुर्चीवर ठेवला की झालं असं नव्हे. पाय खाली सोडला की अर्ध्या मिनिटात आत ठोके पडायला लागतात, प्लास्टर आवळल्यासारखं होतं आणि बोटं जांभळी पडतात. वर घेतला की पाच मिनिटांत उतरतं. मुलगी दारातून जाता-येता म्हणते, “आई, पाय.”

बोटं हलवून दाखवायची असतात. अंगठा हलतो. बाकीची चार नुसती तिथे आहेत. ज्या कंडरेने ती आजवर वाकत होती ती आता दुसऱ्या कामावर गेली आहे.

२२ जानेवारी. दिवस १४

टाके काढले. आतल्या बाजूची लांब जखम, टाचेच्या बाहेरच्या अंगाला तिरकी, पावलावर आणि पोटरीवर एकेक छोटी. आतल्या जखमेचं खालचं टोक ओलसर होतं, तिथले दोन टाके आठवडाभर ठेवले. घोट्याभोवतीची कातडी पातळ, सावकाश भरते. पाय पुन्हा प्लास्टरमध्ये, या वेळी पक्क्या, टाक्यांच्या जागी खिडकी ठेवून. घोटा किंचित खाली आणि आत वळवून धरला होता, नव्या कंडरेवर ताण येऊ नये म्हणून.

टाचेच्या बाहेरची तळहाताएवढी जागा बधिर आहे. तिथून जाणाऱ्या कातडीच्या नसेला कापताना त्रास होतो. बरीचशी परत येईल, थोडी कदाचित येणार नाही.

३० जानेवारी

रात्री तीनला उठले आणि अर्धवट झोपेत उजवा पाय खाली टाकला. पूर्ण भार आला. खड् असा आवाज ऐकला असं मला वाटलं. मी पलंगावर बसले आणि पायाकडे पाहत राहिले. कुणाला उठवलं नाही. सकाळपर्यंत मनात सगळं मोडून झालं: स्क्रू वाकला, टाच परत बाहेर गेली, कंडरा भोकातून निसटली.

दहा वाजता एक्स-रे. काही हललेलं नाही. डॉक्टर म्हणाले, एखादं पाऊल प्लास्टर आणि स्क्रू सोसतात, रोज सोसणार नाहीत. आवाज बहुतेक प्लास्टर फरशीवर आपटल्याचा. परत येताना गाडीत मी रडले. मुलगी काही बोलली नाही. रात्री तिने माझ्या पलंगाच्या त्या बाजूला कुबड्या आडव्या बांधून ठेवल्या, म्हणजे उतरताना आधी हात त्यांनाच लागेल. साइटवर असा कठडा मी शेकडो वेळा बांधून घेतला आहे.

१० फेब्रुवारी

पाचवा आठवडा. लिहिण्यासारखं काही नाही आणि हाच आठवडा सगळ्यात जड जातो आहे. दुखत नाही, म्हणून टेकावंसं वाटतं. साइटवर काँक्रीट ओतल्यानंतर आठव्या-दहाव्या दिवशी स्लॅब वरून दगडासारखा दिसतो आणि मुकादम येऊन विचारतो, “मॅडम, टेकू काढू?” मी कधी काढू दिले नाहीत. आतलं काम डोळ्यांना दिसत नसतं. हाडाचंही तसंच: आधी कापलेल्या जागी रक्ताची गुठळी, मग मऊ सांधा, मग त्यात चुना भरत जाऊन कठीण. मऊ सांध्याच्या वेळी दुखणं थांबतं.

१९ फेब्रुवारी. सहा आठवडे

प्लास्टर कापलं. करवतीचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कडक कापतं, कातडीला सहसा काही करत नाही. हे माहीत असूनही मी श्वास धरून बसले होते.

आतून निघाला तो पाय माझा वाटेना. कातडीचे पापुद्रे सुटत होते, केस लांब वाढले होते, पोटरी एखाद्या रिकाम्या पिशवीसारखी. टेप लावला: डावी पोटरी ३६ सेंटीमीटर, उजवी ३१. पण मुलीने मागून पाहिलं आणि म्हणाली, “आई, टाच सरळ आहे.” तिने फोटो काढला. नोव्हेंबरचा आणि आजचा शेजारीशेजारी लावला. मी ते दोन फोटो आज कितीदा पाहिले असतील.

एक्स-रेमध्ये टाचेची चीर पुसट झाली आहे, पाचर जागेवर धरली आहे. परवानगी: बुटात घालून भार सुरू करायचा. हा बूट म्हणजे गुडघ्याखालपर्यंतचं कडक कवच, पट्ट्यांचं. आणि भार मोजून.

२१ फेब्रुवारी

दोन वजनकाटे जमिनीवर शेजारीशेजारी ठेवले, दोन्ही पायांची उंची सारखी राहावी म्हणून. कुबड्या हातात. उजवा पाय बुटासकट काट्यावर ठेवला आणि हळूहळू दाब दिला. काटा आठवर गेला, दहावर, आणि मी थांबले. माझं वजन ६८. दहा किलो म्हणजे काय ते पायाला कळेपर्यंत पंधरा-वीस वेळा केलं, मग काट्याकडे न बघता दाब द्यायचा आणि नंतर पाहायचं. पहिल्यांदा मी दहा समजून बावीस दिले होते. संध्याकाळपर्यंत नऊ ते बाराच्या आत येत होते.

ज्यांना “थोडाथोडा भार द्या” सांगून घरी पाठवतात, त्यांना हा काट्याचा उपाय कुणीतरी सांगायला हवा. थोडा म्हणजे किती, हे पायाला आपोआप कळत नाही. सहा आठवडे न टेकलेल्या पायाला दहा किलोही डोंगरासारखे वाटतात, आणि दोनच दिवसांनी तोच पाय चाळीस किलो देऊन मोकळा होतो.

ठरलं आहे ते असं: दर तीन-चार दिवसांनी आठ-दहा किलो वाढवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा ठणका आदल्या दिवसापेक्षा जास्त असेल तर वाढवायचं नाही, आहे तिथेच थांबायचं. हाडालाही भार हवाच असतो. ज्या वाटेने भार जातो त्या वाटेवर हाड दाट होत जातं, हे वोल्फ नावाच्या सर्जनने १८९२ मध्ये मांडलं. म्हणजे आता टेकू काढायचे, पण एकेक.

५ मार्च. आठवा आठवडा

आजची नोंद सावकाश लिहिते.

फिजिओ मॅडम वयाने माझ्या मुलीपेक्षा चार वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी बूट काढला, पाय मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, “ताई, पाऊल आत वळवा.” मी वळवायला गेले. काही नाही. नोव्हेंबरात भिंतीशी झालं होतं तेच. पोटात गोळा आला.

“आता पाऊल विसरा. बोटं वाकवा. जमिनीवरचा रुमाल बोटांनी गोळा करताय असं करा.”

मी बोटं वाकवली. बोटं नीटशी वाकली नाहीत. पाऊल आत वळलं.

अगदी थोडं, बोटभरसुद्धा नसेल. पण वळलं, माझ्या देखत. त्यांनी माझा हात धरून आतल्या घोट्याच्या खाली, पुढे ठेवला. “पुन्हा करा.” बोटाखाली एक दोरी ताठ झाली आणि सैल झाली. पेन्सिलीपेक्षा बारीक. मी पुन्हा केलं, पुन्हा ताठ झाली. त्या दोरीच्या वरच्या टोकाला असलेल्या स्नायूला आयुष्यभर एकच हुकूम माहीत आहे, बोटं वाकव. खाली तिचं टोक आता हाडाला बांधलं आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. मी बोटांना हाक मारायची, आणि ओ कमानीने द्यायची.

बहुधा दहा मिनिटं मी तेच करत बसले. मॅडमनी थांबवलं नाही.

विरोधात जोर लावायचा व्यायाम अजून नाही. रबरी पट्टा आणखी चार-पाच आठवड्यांनी. तोवर हेच, दिवसातून पाच वेळा, आणि व्रणावर बोटाने गोल चोळायचं, कातडी खालच्या थराला चिकटू नये म्हणून.

१८ मार्च

काट्यावर ६८. बुटात, पूर्ण भार. एक कुबडी सुटली.

१ एप्रिल. बारा आठवडे

बूट सुटला. साधे चालायचे बूट, आत कमानीला आधार देणारी गादी. पहिली पावलं फार वाईट. कवच गेल्यावर घोटा उघडा पडल्यासारखा वाटतो, आणि मी उजव्या पायावरून घाईने उतरून डाव्यावर येते. मॅडम मागून टाळ्या वाजवून ठेका देतात: टाच, तळवा, अंगठा. अंगठ्यावरून ढकलून निघणं मी तीन वर्षांत विसरून गेले होते. मला पाय बाहेर फेकून चालायची सवय लागली होती. शस्त्रक्रियेने हाड सरळ केलं, सवय सरळ केलेली नाही.

२० मे

कामावर जायला लागून दोन आठवडे झाले, अर्धा दिवस. काल एका पाहणीत पाच तास उभी राहिले, कारण कुणाला थांबा म्हणायचं सुचलंच नाही. रात्री व्रणाशेजारी पाय इतका सुजला की घोट्याची हाडं दिसेनात. आज दिवसभर पाय वर. दोन वजनकाट्यांशी मी एवढी प्रामाणिक राहिले आणि नेहमीचं काम समोर आल्यावर मोजणं सोडून दिलं. यापुढे साइटवर दर तासाला दहा मिनिटं बसायचं. सगळ्यांना तसं सांगितलं. मुकादमाने न बोलता प्रत्येक मजल्यावर एकेक खुर्ची पोचवली.

टाचेबाहेरची बधिर जागा आता रुपयाएवढी उरली आहे. रात्री तिच्या कडेने झिणझिण्या येतात, वीज सरकल्यासारख्या. नस परत येताना असं होतं असं डॉक्टर म्हणाले.

८ जुलै. सहा महिने

उभं राहून काढलेला एक्स-रे. घोट्यातल्या, टाचेवर बसलेल्या हाडातून आणि अंगठ्यामागच्या लांब हाडातून रेघा ओढतात. निरोगी पायात त्या जवळजवळ एका रेषेत येतात. नोव्हेंबरात माझ्या रेघा खालच्या बाजूला मोडून कोन करत होत्या. आज पट्टी ठेवली तर जवळजवळ सरळ. डॉक्टरांनी पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “तुम्हीच बघा, तुमचंच क्षेत्र आहे.”

उजवी पोटरी ३४. दोन पायांवर टाचा उचलणं वीस वेळा, त्यातलं निम्म्याहून जास्त काम डावा करतो हे मला माहीत आहे. एका पायावर: नाही. दोन पायांवर वर जायचं आणि एकट्या उजव्यावर सावकाश उतरायचं, हा आता रोजचा व्यायाम. उतरणं आधी येतं, चढणं नंतर.

२७ ऑक्टोबर

काही नाही. व्यायाम चालू. लिहिते एवढ्यासाठी की अशा दिवसांची नोंद कुणी करत नाही, आणि यातले बहुतेक दिवस असेच आहेत.

८ डिसेंबर २०२४. अकरा महिने

संध्याकाळी व्यायामाला भिंतीशी उभी होते. बोटं भिंतीला टेकवलेली. डावा पाय उचलला, उजव्यावर राहिले, आणि टाच वर गेली.

मी खाली आले. मुलीला हाक मारली. ती पट्टी घेऊन आली आणि फरशीवर पोटावर आडवी झाली, गाल जमिनीला टेकवून. “हं, कर.”

पुन्हा गेली. तिसऱ्यांदा गेली नाही, पोटरी थरथरली आणि थांबली.

खाली बसल्यावर लक्षात आलं की मी या वेळी बोटांना हाक मारली नव्हती. मार्चपासून प्रत्येक वेळी आधी मनात बोटं वाकवायची, मग पाऊल आत यायचं, मग बाकीचं. आज मी फक्त टाच म्हणाले. मोजे काढून बोटं वाकवून पाहिली. थोडी वाकतात, अंगठ्याच्या मागे मागे.

उजवी: २.५ सेंटीमीटर, दोनदा. डावी: ७. पोटरी: ३४.५ आणि ३६. सूज संध्याकाळी थोडी, सकाळी नाही. उद्या विश्रांती. परवा पुन्हा, तीनचा प्रयत्न.